बावीस फूट काठ

बाबा कधी कुणाकडे काही मागत नाहीत. म्हणून गेल्या हिवाळ्यात ते चहा घेता घेता म्हणाले, "तुझ्या आईच्या अंजिरी लुगड्याची गोधडी होईल का गं?" तेव्हा मी लगेच हो म्हणाले. आई जाऊन सहा-सात महिने झाले होते. नाशिकची थंडी त्या वर्षी जरा जास्तच बोचत होती. मी आणलेलं जाडजूड ब्लँकेट बाबा रात्री लाथाडायचे, आणि सकाळी डोळे तांबारलेले. झोप झाली नाही असं मात्र कबूल करायचे नाहीत.

मला दुसरंच एक दिसायचं. त्यांचा पलंग चांगला ऐसपैस, दोघांचा. पण बाबा खिडकीकडच्या कडेला अंग चोरून झोपायचे. सकाळी मी चादर नीट करायला जायचे तर आईच्या बाजूला एक चुणी नसायची. ती बाजू मला कधी नीट करावीच लागायची नाही.

गोधडी शिवायला चांदवडहून मावशी आली. आईची धाकटी बहीण, हाताला जबरदस्त उरक आणि तोंडालाही. लुगडं उलगडलं तर एक काठ कसरीने खाल्लेला, दुसऱ्याचा निऱ्यांकडचा भाग विरलेला. धड असा सलग काठ निघाला बावीस फूट. बाबांची अट एकच होती. गोधडीला चारही बाजूंनी तोच काठ हवा, दुसऱ्या कशाचा जोड नको.

"दाजी लांबडा मानूस हाय," मावशी म्हणाली. "सात फूट लांब आन् चार फूट रुंद करू. बास झालं."

इथे माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. हाच धडा मी दरवर्षी वर्गात सुतळीची दोन टोकं बांधून शिकवते. परिमिती तीच ठेवायची, आकार बदलायचा आणि आत किती जागा मावते ते बघायचं. मुलं जांभया देतात, पण मला मात्र दरवेळी नव्याने गंमत वाटते. आणि इथे तर प्रत्यक्ष आईचा काठ! आमच्या हॉलच्या फरश्या एक एक फुटाच्या. मी काठाची दोन टोकं जुळवली आणि तो फरशीवर मांडला. सात बाय चार, आत अठ्ठावीस फरश्या. मग दोन्हीकडून जरा ओढून सहा बाय पाच केला. तीस भरल्या.

मावशी गुडघ्यावर हात टेकून वाकली. "काठ त्योच, मंग आतली जागा वाढली कशी?"

"आता बघच." मी साडेपाच फुटांचा चौरस केला. सव्वातीस फरश्या. एवढ्याच काठात यापेक्षा मोठा चौकोन होणे नाही, असं मी अगदी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सांगितलं. आईचं लुगडं जास्तीत जास्त वापरलं जाईल, या विचाराने मला भरून आलं होतं. मावशीलाही ते पटलं. "तुझी आई असती तर तिनंबी हेच केलं असतं, कापड वाया गेलेलं तिला लय लागायचं," ती म्हणाली.

आठवडाभर आम्ही गच्चीवर उन्हात बसून टाके घातले. आत आईच्या रोजच्या साड्यांचे थर, वर अंजिरी कापड, कडेने हिरवा काठ. बोलणं सगळं आईबद्दलच, आणि बहुतेक हसण्याचं. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी मावशीने भाकरीचा तुकडा आत सरकवला. गोधडी उपाशी ठेवायची नाही, ही तिची पद्धत.

रविवारी दुपारी जेवणानंतर बाबा गोधडी अजमावायला आडवे झाले. नेहमीप्रमाणे खिडकीच्या कडेला, नेहमीप्रमाणे डोक्यावरून पांघरूण घेऊन. दुसऱ्या टोकाला दोन्ही पावलं उघडी.

सहा फुटांचा माणूस, आणि त्याला डोक्यावरून घेतल्याशिवाय झोप येत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक. क्षेत्रफळाच्या नादात मी पांघरणाऱ्यालाच विसरले! मावशी पदर तोंडात कोंबून हसत होती. मी मात्र रडायच्या बेतात होते.

"बाबा, आम्ही उसवतो. लांब करून देते."

"काही उसवायचं नाही," आतून आवाज आला.

बाबा उठले. गोधडी पलंगाच्या मधोमध पसरली, आई पसरायची तशी चारही कडा सरळ करून. मग आत शिरले. डोकं खिडकीकडच्या कोपऱ्यात, त्यांच्या उशीवर. पाय समोरच्या कोपऱ्यात, आईच्या बाजूला. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पावणेआठ फूट तरी भरत होते. डोकं झाकलं, पावलं झाकली, वर दुमडायलाही कापड उरलं.

"पुरते की," ते म्हणाले. थोड्याच वेळात घोरायलाही लागले.

"झोपू दे," मावशी हळूच म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

ती दुसऱ्या दिवशी चांदवडला गेली. बाबा अजून तसेच तिरके झोपतात. सकाळी मी चादर नीट करायला जाते, तर चुण्या खिडकीपासून थेट आईच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. मला आता दोन्ही बाजू नीट कराव्या लागतात, आणि हे काम मी अगदी आनंदाने करते.