विकलेलं खातं, राखलेलं दावं

"बैल इकला शेठ, दावं नाही इकलं." एवढं बोलून गुरुजी उजवी मूठ अशी आवळायचे, की दाव्याचं टोक खरंच आत असावं.

तुम्ही बैलबाजार पाहिला असेल तर रीत ठाऊक असेल. आमच्या आदिलाबादकडे जनावर विकणारा दावं देत नाही. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. मी त्याच बाजारात दलाली करून वर आलो. ही रीत मला कोणी शिकवायला नको. मोबाइलवरच्या खात्यालाही दावं असतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुजी तामसीकडचे, निवृत्त शिक्षक. इंटरनेटवर बैलवाल्यांचा एक मंच आहे. लोक तिथे जनावरांचे फोटो टाकतात, सल्ले विचारतात, सौदे करतात. गुरुजींचं तिथे फार जुनं खातं. त्यांनी 'घ्या' लिहिलं की परगावचा माणूस न बघता विसार पाठवायचा. मला ती पत हवी होती. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, अक्षरं दिसत नव्हती. चहाच्या टपरीवर, बैलबाजारात भाव ठरवतात तशी रुमालाखाली बोटं धरून आम्ही खात्याचा सौदा केला. पासवर्ड मिळाला. खात्याला जोडलेला नंबर मात्र त्यांनी बदलू दिला नाही.

"नंबर म्हंजे दावं. ते माह्यापाशीच राहीन."

मी हसून हो म्हटलं.

मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

एका सकाळी मी त्या खात्यावर बैलजोडी विकायला टाकली, चालतानाच्या व्हिडिओसकट. दुपारी खाली त्याच नावानं उत्तर आलं: 'डावा बैल मागच्या पायानं लंगडतो. घेऊ नये.' गुरुजींनी दावं ओढलं होतं: 'पासवर्ड विसरलो' असं दाबायचं, नंबरवर कोड येतो, खातं परत हातात. मी तसाच बस धरून त्यांच्या घरी गेलो.

"गुरुजी, हे काऊन करून राह्यले? खातं माहं हाय."

"तुमचंच हाय. मी कुठं नाही म्हनलो?"

"मंग माह्या बैलाखाली काऊन लिवता?"

"लोकं नाव माहं पाहून इचारतात, शेठ. मी गप कसा राहू?"

"मंग इकलं कायले?"

"तवा दिसत नव्हतं."

आतून त्यांची बायको म्हणाली, "पयले जेवाले बसा. भांडन काय पळून जाऊन राह्यलं?" ज्वारीची भाकर खात मी भांडलो.

मंचाच्या चालकांकडे तक्रार करावी, तर विकलेलं खातं ते कायमचं बंद करतात. बाजारातल्या जुन्या दलालांपुढे मी गाऱ्हाणं मांडलं. माझ्याबरोबर हयात घालवलेली ती माणसं म्हणाली, "रीतीनं दावं इकनाऱ्याचंच." मी सकाळी पासवर्ड बदलायचो, गुरुजी संध्याकाळी पुन्हा बदलायचे. आणि ऐका, प्रत्येक वेळी स्वतः फोन करायचे. "शेठ, नवा पासवर्ड लिवून घ्या. तुमचं खातं हाय, अडकून नोका राहू." मी शिव्या घालत लिहून घ्यायचो. माझे किती सौदे त्या माणसानं मोडले, ते मी विसरलेलो नाही.

यंदा पोळ्याच्या आधी गुरुजी गेले. तेराव्याला मी रागातच गेलो. राग नेमका कोणावर, ते तिथे बसूनही कळेना.

आता पासवर्ड कोणी बदलत नाही. गुरुजी गेल्याचं मंचावर कोणाला माहीत नाही. सांगितलं तर खातं बंद होईल, म्हणून मी सांगितलेलं नाही. लोक अजून 'गुरुजी, नमस्कार' लिहितात आणि तो नमस्कार माझ्या फोनवर येतो.

काल त्यांच्या नावानं मी एक बैल टाकला. आज वांकिडीच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला: 'फोटो पाह्यला. गुरुजी, तुमी चांगला म्हनसान तर न पाहता घेतो.'

बैल माझ्या अंगणात उभा आहे. दिसायला देखणा, पण नांगराला जुंपला की बसतो. खाली येऊन लिहिणारं आता कोणी नाही. सकाळपासून मी 'घ्या' लिहितो आणि पुसतो. 'घेऊ नका' हेही लिहून पाहिलं, तेही पुसलं. तिकडे तो माणूस वाट पाहतोय, आणि वर नाव गुरुजींचं आहे.