उचगावातलं रक्त

स्पिरिटचा वास आला की मला उचगावातली ती गोठ्याशेजारची पडवी आठवते. धडधाकट माणसांच्या रक्तात पुढच्या मरणाची काही चाहूल लागते का, हे पाहणाऱ्या एका अभ्यासासाठी मी तेव्हा घरोघर फिरून रक्त घेत होते. म्हशीची धार काढून आलेल्या चाळिशीतल्या एका बाईंनी पदराला हात पुसला, दंड पुढे केला आणि हसत विचारलं, "कोण कवा जाणार ते कळतंय व्हय ह्यात?" मीही हसले. महिन्याभराने त्यांचा रिपोर्ट आला, तर हृदयावरचा ताण दाखवणारा आकडा फार वर होता. आमचे डॉक्टर म्हणाले, "हा हजारो माणसांवरून बांधायचा अंदाज आहे. एकट्या बाईला कशाला घाबरवतेस?" मी तो रिपोर्ट फायलीत लावून टाकला, बाईंना काही कळवलं नाही. चार वर्षांनी, यादीतलं कोण हयात आहे हे विचारत त्याच दारात गेले, तेव्हा त्यांचे यजमान एकटेच वैरण टाकत होते. "गेली की ती, धार काढता काढता," ते म्हणाले. मी फॉर्मवर खूण केली. चहा देताना त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तवा रगतात काय घावलं हुतं का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग बरं. येळंवर दवाखान्यात न्हेलं न्हाय म्हणून मन खात हुतं." त्यांचा निवळलेला चेहरा बघून तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि आज लाज वाटते ती त्या हायसं वाटण्याचीच.