टकटक मिस्त्रीच्या घरची भिंत

टकटक मिस्त्रीला खरं नाव होतं, पण ते त्याच्या बायकोलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवायचं. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या बाथरूमला टाइल्स बसवल्या आणि प्रत्येक टाइल थापीच्या लाकडी मुठीने वाजवून पाहिली. भरीव टाइल 'टक' करते. मागे पोकळी राहिली असेल तर 'ढब्ब'. ढब्ब आली की काढायची आणि पुन्हा बसवायची, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंत वाजवायचा आणि असं काही तोंड करायचा, की घरमालकाला वाटावं आपल्या घरात कुणीतरी आजारी आहे.

आणि बघा, अशा माणसाचीच बायको स्वतःच्या बाथरूममध्ये पडली. पाय घसरला, तिने टॉवेलची दांडी धरली, आणि दांडी दोन टाइल्ससकट हातात आली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात गेले. एका सोमवारी डॉक्टर म्हणाले, येत्या शनिवारी घरी न्या.

"घरी म्हणजे माझ्या घरी," लेक म्हणाली. "आता कायमचं."

"अगं, दांडी जुनी झाली होती," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, ज्या भिंतीला टॉवेल पेलला नाही, ती आईला पेलणार आहे का?"

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण बायको कॉटवरून त्याच्याकडेच बघत होती. "मला माझ्या घरी जायचंय," एवढंच ती बोलली. शेवटी लेकीने अट घातली. बाथरूमच्या टाइल्सवाल्या दोन्ही भिंती नव्याने करायच्या, धरायला पक्क्या दांड्या लावायच्या, आणि हे सगळं शनिवारच्या आत. नाही जमलं, तर आईचा मुक्काम तिच्याकडे.

म्हाताऱ्याने कंबर कसली. जुन्या टाइल्स तोडाव्यात, तर भिंत अर्ध्या विटेची आणि पलीकडे शेजारणीचं स्वयंपाकघर. दोन घाव जोरात बसले असते तर शेजारीण बरण्यांसकट अलीकडे आली असती. तेव्हा जुन्यावरच नवी टाइल चढवायची. चढते की, का नाही चढणार? खालची घट्ट पाहिजे, एवढंच. साबणाचा थर घासून काढायचा, गुळगुळीत अंग ग्राइंडरने खरवडायचं आणि टाइल चिकटवायचं केमिकल सगळीकडे सारखं ओढून नवी बसवायची.

मंगळवारी सकाळी तो थापी घेऊन आत शिरला आणि दारापासून वाजवत निघाला. टक. टक. टक. जिथून दांडी निखळली होती तिथल्या कडेच्या टाइलपाशी आला.

ढब्ब.

आपले कानच गेले असं त्याला वाटलं. पुन्हा वाजवली. ढब्बच. शेजारचीही तशीच. मोजून अकरा निघाल्या. एकीच्या कडेला त्याने छिन्नी नुसती टेकवली तर अख्खी टाइल हातात आली. मागे सिमेंटच्या मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. बाकी सगळी हवा. "कुठल्या गाढवाने..." एवढं बोलून तो गप्प झाला. गाढव तो स्वतःच होता.

एकतीस वर्षांपूर्वी बायको बाळंत झाली होती. शनिवारी ती तान्ह्या लेकीला घेऊन दवाखान्यातून येणार आणि त्याआधी बाथरूम चकाचक झालं पाहिजे, म्हणून त्याने शेवटच्या टाइल्स पाच-पाच गोळे थापून धडाधड चिकटवल्या होत्या. वाजवायला वेळ कुठला? पुढे जगाच्या भिंती वाजवल्या, पण घरच्या भिंतीला कधी मूठ लावली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मिस्त्री बादली पालथी घालून तिच्यावर बसला. वरून नव्या चढवल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. शनिवारही गाठला असता. अकरा काढून, खड्डे भरून, माल वाळू द्यायचा म्हणजे सोमवार उजाडणार. आणि बायको एकदा तिकडे गेली की लेक तिला सोडणार नाही, हे तो ओळखून होता. हट्टात पोर थेट बापावर गेली होती.

"एकदा केली घाई," तो भिंतीला म्हणाला. "बास झालं." आणि त्याने फोन लावला.

"सोमवार होईल."

"शनिवार ठरला होता, बाबा."

"तू जन्मलीस तेव्हा मी घाई केली, ती आता तुझ्या आईला नडली. दांडी जुनी नव्हती गं. माझं कामच पोकळ होतं."

"सोमवारी बघते मी," लेक म्हणाली आणि फोन बंद झाला.

शनिवारी बायको लेकीकडे गेली. मिस्त्री त्या दिवशी जेवला नाही, पण हात थांबवला नाही. भिंत जाड झाली म्हणून नळ आत गेले, ते जोड देऊन बाहेर काढले. दांड्यांचे स्क्रू जुनी आणि नवी अशा दोन्ही टाइल्स भेदून थेट विटेत नेले.

सोमवारी गाडी दारात उभी राहिली. आईची बॅग लेकीने मुद्दाम गाडीतच ठेवली. ती आत गेली आणि दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळली. पोर चांगली धट्टीकट्टी, पण दांडी केसभर हलली नाही.

"हो बाजूला," आई म्हणाली. वॉकर टेकत ती आत आली, स्टीलचा तांब्या उचलला आणि भिंतीवर वाजवू लागली. इथे टक, मग दोन वीत सोडून तिथे टक. मिस्त्री मोजत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. बरोबर त्याच अकरा जागा.

"तुला कसं माहीत?"

"एकतीस वर्षं अंघोळ करतेय इथे. तांब्या लागला की वाजायच्या."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"दिवसभर लोकांच्या भिंतींना नावं ठेवून ताठ मानेने घरी यायचात. म्हटलं, राहू दे."

त्या 'राहू दे'पायी तिचं हाड मोडलं होतं. मिस्त्रीचे डोळे भरून आले. "बोलायचं होतंस गं," तो कसाबसा म्हणाला.

"आता बोलते ना. बाहेर व्हा, मला अंघोळ करायचीय."

लेक गाडीकडे गेली आणि बॅग घेऊन आली. मिस्त्री बाथरूमच्या दाराशी उभा राहिला. आत नळ सुरू झाला, आणि तांब्या भिंतीला लागला.

टक.