बदलीसाठी नऊ दिवस

मी मतमाउलीवर रागावले होते, हे आधीच कबूल करते. नुसती रुसले नव्हते, चांगली रागावले होते. उशाशी ठेवलेली तिची तसबीर मी एके दिवशी उचलून ट्रंकेत कपड्यांखाली घातली आणि वर कुलूप लावले. आमच्या नगर जिल्ह्यात पवित्र मरियेला मतमाउली म्हणतात. आईच्या कडेवर बसून मी तिच्या यात्रेला गेलेली, जपमाळ म्हणता म्हणता बोलायला शिकलेली मुलगी. तिच्यावर इतका राग यावा, म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल ते वाचणाऱ्यांनी समजून घ्यावे.

नर्सचे शिक्षण संपल्यावर पहिलीच नेमणूक मिळाली ती नुकत्याच वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, जंगलातल्या एका उपकेंद्रावर. चंद्रपूरहून एक एसटी, मग दुसरी, आणि ती सोडेल तिथून दोन कोस पायी. दोन खोल्यांचे उपकेंद्र, त्याला लागून माझी एक खोली, आणि खोलीच्या मागच्या भिंतीपासून जे जंगल सुरू व्हायचे ते कुठे संपते हे मला कोणी सांगू शकले नाही. गावात बहुतेक घरे गोंडांची, सात-आठ बौद्ध कुटुंबे, आणि कॅथलिक म्हणावे तर मी एकटी. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला जायचे तर चंद्रपूर गाठायचे, म्हणजे जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस. रविवार यायचा आणि सोमवारासारखाच निघून जायचा. मला भीती वाटायची ती कुठल्या एका गोष्टीची नव्हती. पान वाजले तरी छातीत धस्स व्हायचे. आपण इथे मेलो तर आपल्यासाठी प्रार्थना म्हणणारेसुद्धा कोणी नाही, हा विचार भाजी चिरताना, औषधाच्या गोळ्या मोजताना, कधीही यायचा.

आणि त्यात मैनाबाई.

मैनाबाई गावची दाई, वय पंचावन्नच्या आसपास. पंचक्रोशीतली निम्मी माणसे तिच्या हातावर जन्मलेली. दुपारी चार वाजले की ती माझ्या ओसरीवर येऊन बसायची ती दिवेलागणीपर्यंत. बोलावलेले नसायचे, काम नसायचे. तंबाखू चोळत बसायची आणि प्रश्न विचारायची. "बाई, तुले मायबाप हाये का?" "लगन काऊन नाई केलं?" "एवढ्याशा गंजात भात शिजवतेस, पोट भरते का त्यानं?" तिचा आवाज असा की नाल्यापलीकडच्या माणसाला ऐकू जावा. वाळत घातलेली माझी साडी चिमटीत धरून बघायची, औषधाच्या बाटल्या नाकाला लावायची. मी संध्याकाळी जपमाळ घेऊन बसले की हिचा प्रश्न ठरलेला, "किती मनी झाले, बाई?" माझी मोजणी चुकायची. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे आणि हिचे पुन्हा, "आता किती झाले?"

मी एकटेपणाने रडकुंडीला आलेली बाई, आणि मला सोबत मिळाली ती ही! मला माझ्या भाषेत, माझ्या देवाविषयी बोलणारे माणूस हवे होते. सहा महिने हे सोसले आणि मग बदलीचा अर्ज केला. उत्तर आले नाही. दुसरा केला. त्याचेही नाही. शेवटी मी नोव्हेना धरली. नऊ दिवस, रोज पूर्ण जपमाळ आणि मागणी एकच, मला इथून ने. तसबीर ट्रंकेत गेली ती आठव्या दिवशी. टपाल आले होते आणि त्यात माझ्यासाठी काही नव्हते. तरी नववा दिवस चुकवायचा नाही असे ठरवले. श्रद्धा होती म्हणून नव्हे. आपल्या बाजूने कसूर नको, मग तिला जाब विचारता येईल, म्हणून.

नवव्या दिवशी सकाळी सात वाजता दीड कोसावरच्या टोल्यावरून, चार-सहा घरांच्या वस्तीवरून, एक माणूस धावत आला. त्याची बायको कालपासून अडली होती, पहिलटकरीण. एवढे सांगून तो तिच्या आईला आणायला तसाच पुढच्या गावाला गेला. एप्रिलचे दिवस होते. सगळे गाव मोहफुले वेचायला रानात पांगलेले. मी पिशवी भरली आणि बाहेर आले, तर मैनाबाई काठी घेऊन ओसरीखाली उभीच. "चाल बाई, मी येऊन राह्यली." मी तिला घेऊन निघाले. दुसरे होते कोण?

वाटेत तिचे तोंड एक क्षण थांबले नाही. कुठल्या झाडाखाली कोणाचा बैल मेला, कोणाच्या सुनेला किती मुली, सगळे त्याच मोठ्या आवाजात. मध्येच गाणे. मला त्या अडलेल्या बाईच्या काळजीने काही सुचत नव्हते, नोव्हेनाचा शेवटचा जप व्हायचा होता, आणि ही बाई रानाला ऐकवल्यासारखी ओरडत चालली होती. माझा तोल सुटला. "मैनाबाई, दोन घटका गप्प बसाल का? मला प्रार्थना करू द्या. तुम्ही सावकाश या मागून!" ती थांबली. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि पाहूनही भराभर पुढे निघाले.

शांतता मिळाली. पदराखाली जपमाळ धरून मी ओठातल्या ओठात म्हणत चालले. जपमाळेच्या पाच टप्प्यांतले तिसरे रहस्य चालू असेल. वाट एका मोहाच्या झाडाला वळसा घालून जात होती. मी वळसा घेतला आणि समोर, ओसरीपासून अंगणाचे टोक असते तेवढ्या अंतरावर, अस्वल. मादी होती. पाठीवर पिल्लू चिकटलेले. खाली मान घालून फुले खात होती. तिने मान वर केली.

मी पळाले नाही, कारण पाय हललेच नाहीत. 'नमो मरिया' म्हणायला गेले तर शब्द आठवेनात. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना, एक अक्षर आठवेना. मनात एकच शब्द उरला, आई. तोही मी माझ्या आईला म्हटला की मतमाउलीला, मला सांगता येणार नाही. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले.

तेवढ्यात मागून तो आवाज आला. "हट! ए, हट! जाय तिकडं, लेकरू घेऊन जाय! आमच्या इथी बाई अडून हाये, अन् तुले हेच झाड सापडलं काय?" काठी जमिनीवर आपटत, शेजारणीशी भांडावे तशी बडबडत मैनाबाई आली आणि माझ्या पुढे उभी राहिली. मादी क्षणभर आमच्याकडे बघत राहिली, मग खाली झाली आणि पिल्लासकट झुडपात शिरली. पाने वाजत वाजत लांब गेली.

मी मटकन खाली बसले. मैनाबाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चूप नाई चालाव बाई रानात. अस्वलाले कमी दिसते. अचानक मानूस समोर आलं का ते भेते अन् अंगावर येते. आवाज आयकला तं आपल्यानंच बाजूले होते. म्हून तं मी बोलून राह्यली होती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू आधीच भेतेस. अस्वलाचं नाव काहाले काढू?"

टोल्यावर पोचलो तेव्हा ती पोरगी थकून पांढरीफटक पडली होती. मैनाबाई तिच्या मागे बसली, तिला आपल्या अंगावर रेलवून घेतले आणि तिच्याशी बोलू लागली. तोच आवाज, पण आता त्यात एक लय होती. त्या लयीवर पोरीने जोर लावला. मूल आले ते गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे घेऊन, निळसर, निपचित. मी नाळ सोडवली, तोंडातला चिकटा काढला, फुंकर दिली. काही नाही. पुन्हा दिली. मैनाबाई बाळाची पाठ चोळत मला म्हणाली, "बाई, तुह्या मायले हाक मार, मी माह्या देवाले मारते. कोनीतरी आयकन." मी हाक मारली. या वेळी प्रार्थना पूर्ण आठवली. बाळ आधी शिंकले, मग रडले. मुलगी होती. मीही तिथेच बसून रडले, आणि आईचे रक्त थांबले आहे ना हे रडत रडतच तपासले.

परत येताना मी मैनाबाईला विचारले, "तुम्ही रोज ओसरीवर का येऊन बसता?" ती म्हणाली, "तू आली तवा पह्यल्याच दिवशी पाहिलं, माळ धरून एकटीच कोनाशी तरी बोलते अन् डोळे पुसते. मनलं, पोरगी भेते. दोघी बसलो तं भेव अर्धं होते." इतके महिने मी ज्या सोबतीसाठी गुडघे टेकत होते ती रोज चार वाजता येत होती, आणि मी वैतागून घड्याळाकडे पाहत होते.

तिसरा अर्ज मी लिहिला नाही. चमत्कार झाला असे माझे म्हणणे नाही. अस्वले आवाजाने जातात, बाळे फुंकरीने रडतात. मला एवढेच कळले की मी मतमाउलीला हुकूम सोडत होते. काय द्यायचे, कोणाच्या रूपात द्यायचे, सगळे मीच ठरवून ठेवले होते.

भीती एकदम गेली नाही. वैतागही गेला नाही, मैनाबाईच्या सहवासात तो जाणे शक्यच नव्हते. त्या डिसेंबरात तिने हट्टच धरला, "तुही माय पाह्याची हाये." मी तिला चंद्रपूरला नेले. एसटीत तिने अख्ख्या गाडीला माझा पगार विचारायला लावला. चर्चमध्ये मिस्साभर ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि मधूनमधून मोठ्याने खोकली. मिस्सा संपल्यावर मी तिला मतमाउलीच्या मूर्तीपुढे नेले. येशूबाळाला हातावर घेऊन उभी असलेली ती मूर्ती मैनाबाईने वरपासून खालपर्यंत निरखली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "लेकरू घेऊन केव्हाची उभी हाये बिचारी! कोनी बस म्हनलं नाई काय तिले?"

माणसे वळून बघू लागली. माझे कान तापले. मैनाबाईचे लक्ष नव्हते. तिने मूर्तीच्या पायांवर हात ठेवला, बाळंतिणीच्या पायांवर ठेवावा तसा, आणि हलकेच दाबला. त्या पायांपुढे इतकी वर्षे मी गुडघे टेकले होते. ते पाय दमत असतील असे माझ्या मनात कधी आले नव्हते. मी तिच्या शेजारी बसले आणि दुसरा पाय धरला. त्या दिवशी मी काही मागितले नाही.