दाब, धर, सोड

माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, गाडीवाल्याच्या घरी चाललीस, गाडीतून मिरवशील. गाडीत मी बसले पुष्कळ, पण ती उभी असताना. ब्रेकमध्ये हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीखाली उताणं पडून चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, सैल करून त्याला नळी लावायची, दुसऱ्याने वर बसून पेडल दाबायचं. खाली नवरा, वर मी. "दाब. धर. सोड." काष्टा आवरून त्या फाटक्या सीटवर बसायचं आणि खालून हुकूम येईल तसा पाय हलवायचा. नळीतून बाटलीत येणारे बुडबुडे थांबले की माझी सुटका. मग विहीर, मग भांडी, मग चूल. मिरवायला वेळ कुठला!

सासऱ्यांचा पूर्वी शिडाचा मचवा होता. कौलं आणि मीठ भरून ते मुंबईला न्यायचे. पुढे ट्रक आले, मचव्याला माल मिळेनासा झाला, तेव्हा तो विकून त्यांनी मुंबईहून एक जुनी मोटार आणली. नवरा ती रेवसच्या धक्क्यावर लावायचा. मुंबईच्या लाँचमधून उतरलेले उतारू अलिबागला न्यायचे, कोणी म्हटलं तर खिंड ओलांडून पेणलाही सोडायचे. पावसाळ्यात उतारू कमी आणि रस्त्यात चिखल, म्हणून तेवढे महिने गाडी माडाच्या झापांखाली, ओंडक्यांवर चढवलेली असायची. अगदी मचवा शाकारून ठेवतात तशी.

मी सांगतेय त्या वर्षी पाऊस सरल्यावर गाडी बाहेर काढली, तर ब्रेक लागेनात. पेडल कडक, पायाखाली भक्कम, आणि गाडी मात्र आपली पुढे चाललेली. त्यातून ती डावीकडे ओढायची. नवऱ्याने चाकं काढली, ड्रम उघडले. आत सगळं तेलकट. त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, सिलिंडरचे वॉशर गेले, ब्रेकचं ऑइल गळतंय. नवे वॉशर घातले. पुन्हा हवा काढली. दाब, धर, सोड. दोन दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. पुन्हा ड्रम उघडले, पुन्हा तेलकट. पुन्हा वॉशर, पुन्हा मी त्या सीटवर. माझी पोटरी रात्री अशी ठणकायची की कुशीवर वळणं नको व्हायचं.

एके दिवशी खिंडीच्या उतारावर गाडी थांबेना. नशिबाने आत उतारू नव्हते. त्याने ती बांधाच्या मातीत घातली म्हणून वाचला. घरी आला तो जेवलाच नाही. म्हणाला, "दसऱ्यापर्यंत ब्रेक धड झाले तर झाले. न्हायतर ही गारी भंगारात आणि मी मुंबईला, गिरणीत."

त्याच्या चुलतभावाने तिकडे जागा बघून ठेवली होती. गिरणीत गेलेले आमच्या गावचे पुरुष गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे, पाहुण्यासारखे. त्यांच्या बायका माझ्याच वयाच्या, पण चेहरे बघवत नसत. मला ते नको होतं. सरळ सांगते, मला माझा नवरा घरात हवा होता, गाडीखाली पडलेला का असेना.

उलगडा झाला तो विहिरीवर. त्याचा सदरा मी घासत होते. ब्रेकच्या ऑइलचे डाग मला पाठ होते, सोड्याच्या पाण्यात भिजवले की सुटायचे. हे सुटेनात. पिवळट, चिकट, घासावं तसे पसरणारे. आणि घासता घासता माझे हात थांबले. हे डाग मी आधी धुतले होते. मचवा होता तेव्हा दर पावसाळ्याआधी सासरे त्याला माशाचं तेल चोपडायचे, त्या वेळच्या त्यांच्या जुन्या पंच्यावर असेच डाग होते, लग्नानंतर मी कितीही घासले तरी न गेलेले. सदरा नाकाशी नेला. वास तर होताच. पण आमच्या गावात कशाला तो वास नसतो? म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सासरे अंगणात जुनं जाळं सोडवत बसले होते. मी ओल्या हातांनीच विचारलं, "बाबा, पावसात गाडीला तेल लावलंत का हो?"

त्यांचा चेहरा खुलला. "लावलं तर! खालून सगली चोपरली. चाकांना ती भोकं हायेत ना, त्यातनं वाटी वाटी आत पन सोरलं. खारं वारं काय सोरतंय व्हय? लाकूर असो नायतर लोखंड, मीठ सगल्यांना खातंय."

गाडीला चाकं असतात आणि ती थांबवावी लागते, हे त्यांच्या मचव्याच्या हिशेबात नव्हतं. मी सांगितलं, ब्रेकच्या लायनरने, ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीने, ते तेल पिऊन घेतलंय, म्हणून गाडी थांबत नाही. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मंग पोरगा मुंबईला चाल्ला तो माज्यापायी?"

नाही म्हणता आलं असतं. पण गोड बोलायलाही अंगात ताकद लागते, ती माझ्यात उरली नव्हती. "व्हय बाबा," मी म्हटलं.

नवरा चिडला, पण बापाला एक शब्द बोलला नाही. रेवसच्या लाँचवरच्या ओळखीच्या माणसाकडून त्याने मुंबईहून नवे लायनर मागवले आणि स्वतः रिबिट मारून बसवले. ड्रम पेट्रोलने धुतले, राखेने घासले, उन्हात वाळवले. मी पुन्हा पेडलवर बसले. माझा पाय आता माझा राहिला नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो खिंडीच्या उतारावर गाडी बघायला निघाला. अशा वेळी तो कोणाला आत घेत नसे. सासरे पुढचं दार उघडून बसले.

"उतरा बाबा."

"मी केलंय, मीच बसनार."

खूप वेळ दोघं उतरा-न्हाय करत होते. शेवटी गाडी गेली. मी उंबऱ्यावर बसून राहिले. चूल पेटवली नाही, पाणी आणलं नाही. उतारावर काही झालं असतं तर दोघंही गेले असते, आणि बाबांना खरं मी सांगितलं होतं.

दुपारी गाडी आली. नवरा हात धुऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "कालवन काय केलंस?" मी काही केलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मुंबईला निरोप धारतो, येत न्हाय म्हनून."

मला आनंद झाला असं लिहायला हवं. झालाही असेल. पण तेव्हा मी आत गेले, चटई टाकली आणि झोपले. लग्न होऊन या घरात आल्यापासून दिवसाढवळ्या पहिल्यांदा. शेजारीण पीठ मागायला आली होती, ते मला नंतर तिनेच सांगितलं. सासरे दारात आडवा पाय टाकून बसले होते. तिला म्हणाले, "सांच्याला ये. सून निजलीय." संध्याकाळपर्यंत त्यांनी कोणाला आत सोडलं नाही, स्वतःच्या पोरालासुद्धा.