सासऱ्यांचं पथ्य

आमच्या वर राहणारी नसरीन सियालकोटची. नवरा बस चालवतो, ती एका बालवाडीत मुलांचं जेवण बनवते. गेल्या हिवाळ्यात मी तापाने पडले, तेव्हा आम्हाला तिनेच जेवू घातलं. आम्ही शाकाहारी, म्हणून तिने वेगळं पातेलं विकत आणलं. "शुभा बाजी, इसमें गोश्त कभी नहीं चढ़ेगा." ती मला बाजी, म्हणजे ताई म्हणते.

तिच्या भाज्या साध्याच. कांदा-टोमॅटो, हळद आणि मंद आचेवर शिजलेली दुधी-चणाडाळ, वरून आल्याचे काप. स्टुटगार्टच्या थंडीत ती पोटात गेली की अंगात ऊब येई. माझी लेक ऊर्जा तर तिची बटाटा-मेथी नुसतीच खाते.

मग पुण्याहून सासरे आले. देवपूजा झाल्याशिवाय चहासुद्धा न घेणारे. पाकिस्तानी घरातलं जेवण त्यांना चालेल? माझा नवरा श्रीरंग म्हणाला, "अगं, बाबांना विचारून तर बघ." मी विचारलं नाही. वर जाऊन नसरीनला सांगितलं, "बाबांना पथ्य आहे, सध्या काही पाठवू नकोस."

"शुगर?" तिने काळजीने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

शनिवारी बेल वाजली. दार बाबांनीच उघडलं, हातात बासुंदीची वाटी. समोर नसरीन, पातेलं घेऊन.

"बाबाजी, लौकी लाई हूँ। तेल नाम को, आलू बिल्कुल नहीं। शुगर में अच्छी रहती है।"

"शुगर? किसको?" बाबा हसले. "मैं तो एकदम ठणठणीत!"

नसरीनने त्यांच्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माफ़ कीजिए, मैं ही ग़लत समझी। नीचेवाले अंकल के लिए थी।" ती जिना उतरून गेली.

खाली कुणी अंकल नाहीत. एक जर्मन आजी एकटी राहते. आमचं दार बंद झाल्यावर नसरीनची पावलं हळूच परत वर गेलेली मी ऐकली.

"कोण गं ती?"

"शेजारीण."

"आजोबा, ती नसरीन-तांटे, वरची मावशी!" ऊर्जा ओरडली. "ती आमच्यासाठी पण कुक करते, इमर, नेहमी!"

बाबांनी वाटी खाली ठेवली. "आणि तू तिला दारातूनच जाऊ दिलंस? अगं, आत ये म्हणायचं बाईला."

ते लगेच वर निघाले होते. मीच अडवलं, म्हटलं, मी जाते. दोनदा मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. जिने खोटं बोलून माझी लाज राखली, तिला काय तोंड दाखवू?

उद्या बाबांना सोबत नेणार आहे. एकटी गेले तर पुन्हा एखादी सबब सांगेन.