उलटी रिंग

संध्याकाळी फोन एकदाच वाजला आणि थांबला. गावाहून आईचा मिस्ड कॉल. देवापुढे दिवा लावून झाला की ती एक रिंग देते, म्हणजे ती बरी आहे. मग मी उलटी एक रिंग द्यायची, म्हणजे मी बरा आहे. बरीच वर्षं आमचं रोजचं बोलणं एवढंच, आणि ते पुरतंही.

मी नंबर लावला. रेकॉर्ड केलेल्या आवाजातली बाई अगदी शांतपणे म्हणाली, बिल न भरल्यामुळे आपली आउटगोइंग सेवा बंद करण्यात आली आहे. दोन महिने मी ते बिल उद्यावर ढकलत होतो. मिस्ड कॉलला पैसा पडत नाही, पण तो द्यायलाही बिल भरलेलं लागतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या बाईवर चिडायचंही त्राण नव्हतं. फोन खिडकीत ठेवून तसाच बसून राहिलो. माणूस दमला की त्याचंही असंच होतं. बोलणं आधी बंद पडतं, ऐकू मात्र येत राहतं.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. या वेळी वाजतच राहिला. मी उचलला.

"रिंग का नाही दिलीस? जीव खालीवर झाला माझा."

"बरा आहे गं मी. बिल भरायचं राहिलंय, म्हणून फोन लागत नाही."

बिलाचं तिने कानाआड केलं.

"आवाज किती दमलाय रे तुझा."

इतकी वर्षं रोज रिंग देऊन मी तिला हेच कळू दिलं नव्हतं.